डिस्क लावली, पण कळलं कुणालाच नाही

"हार्डडिस्क दिसंना बघ" असा फोन आला की मी हल्ली आधी विचारतो, कुणाला दिसंना? समोरचा वैतागतो, म्हणतो मला दिसंना, अजून कुणाला. पण प्रश्न खरंच तोच आहे. डिस्कची पिन खोचल्यापासून स्क्रीनवर तिचं चित्र येईपर्यंत ती बातमी बऱ्याच जणांच्या हातातून जाते, यूएसबी पोर्ट, त्यामागचा कंट्रोलर, कर्नलमधला (लिनक्सचा गाभा) हबचा कोड, मग स्टोरेजचा ड्रायव्हर, मग स्कझी (डिस्कशी बोलायची भाषा), मग यूडेव्ह (नवीन डिव्हाइस आलं की ठरलेले नियम लावणारा प्रोग्रॅम), मग डेस्कटॉप, आणि ह्यातल्या एकाने जरी ती खाली ठेवली तरी शेवटी आपल्याला तेच दिसतं, म्हणजे काहीच नाही. त्यामुळे केबल बदल, रीबूट मार, दुसऱ्या पोर्टला लाव असं चाचपडत बसण्याआधी बातमी कुठपर्यंत पोचली होती ते बघून घ्यावं, निम्मं काम तिथेच होतं. हे सगळं लिनक्सबद्दल लिहितोय. विंडोजमधे पण साखळी साधारण अशीच आहे, फक्त आत डोकावायच्या जागा वेगळ्या.

ह्या वेळची केस सांगलीची. मित्राचा तिथे फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या सीझनमधे पोरं रात्री उशिरा येतात, लॅपटॉपवर कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करून सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर घेतात आणि ती डिस्क कोपऱ्यातल्या मिनी पीसीला लावतात. त्यावर लिनक्स, मॉनिटर नाही कीबोर्ड नाही, डिस्क लावली की स्क्रिप्ट आपोआप चालू होऊन आतल्या मोठ्या डिस्कवर कॉपी घेते आणि झालं की फोनवर मेसेज टाकते. कुणी जागं राहायची गरज नाही. निदान प्लॅन तसा होता.

तर व्हायचं काय, की डिस्क लावली की डिस्कचा दिवा लागायचा, आत चकती फिरल्याचा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. सकाळी बघावं तर कॉपीच नाही. डिस्क लावून ठेवून रीबूट केलं तर मात्र दिसायची. त्याने केबल बदलली, डिस्क बदलली, मागचे पुढचे सगळे पोर्ट करून झाले, आणि शेवटी स्वतःच एक शोध लावला. "भावा, माउस लावून ठेवला की चालतंय बघ. माउस काढला की बंद." मी म्हटलं माउसचा काय संबंध. तर म्हणे, "मला काय म्हाईत, पण चालतंय. आणि अजून एक सांगू का, तू घरनं लॉगिन झालास की लगेच येतीया. तू नसलास की नाही."

मी हसलो. पण ही दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी निघाली आणि कारण सापडलं ते ह्या दोन वाक्यांमुळेच, त्यामुळे युजरच्या अंधश्रद्धा नीट ऐकून घ्याव्यात, त्यात निरीक्षण असतं, फक्त कारण चुकीचं जोडलेलं असतं.

पहिलं काम म्हणजे कर्नलचा लॉग चालू ठेवून डिस्क लावायला सांगणं. डीमेसेज ह्या लॉग दाखवणाऱ्या कमांडला डब्ल्यूचा पर्याय दिला की तो थांबून राहतो आणि नवीन ओळ आली की दाखवतो. मी इकडून लॉगिन, तो फोनवर, "लाव". लावली. एक ओळ नाही. परत काढ, लाव. काही नाही. ही शांतता खरं तर फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण कर्नलला डिस्कचा वास जरी आला असता तरी "न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस" किंवा "न्यू सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस" अशी एक ओळ पडलीच असती, किंवा शिव्या देत का होईना एररची ओळ पडली असती. काहीच नाही म्हणजे स्टोरेजचा ड्रायव्हर, स्कझी, यूडेव्हचे नियम, माउंट, फाइलसिस्टिम, माझी स्क्रिप्ट, हे सगळे संशयातून सुटले. त्यांच्यापर्यंत प्रकरण आलेलंच नाही. आता बघायचं ते फक्त तार आणि कंट्रोलरच्या मधलं.

तारेवर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण ते माहीत असलं की अर्धे विचित्र प्रकार आपोआप समजतात. यूएसबी २ मधे होस्टच्या बाजूला डी-प्लस आणि डी-मायनस ह्या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरने खाली ओढून ठेवलेल्या असतात, म्हणजे कुणी नसताना दोन्ही शून्यावर. डिव्हाइस लागलं की ते आपल्या बाजूने दीड किलोओहमच्या रेझिस्टरने एक तार वर ओढतं, डी-प्लस वर गेली तर फुल स्पीड, डी-मायनस गेली तर लो स्पीड. हाय स्पीडवालं पण आधी फुल स्पीड म्हणूनच दारात येतं आणि मग रीसेटच्या वेळी दोघांची चर्प नावाची खुणवाखुणवी होऊन वर जातं. यूएसबी ३ च्या तारा पूर्ण वेगळ्या, तिथे पलीकडे रिसीव्हरचं टर्मिनेशन लागलंय का हे पोर्ट मधूनमधून चाचपून बघत असतो. म्हणून तो निळा पोर्ट दिसायला एक असला तरी कर्नलच्या लेखी दोन असतात, एक यूएसबी २ च्या बसवर आणि एक ३ च्या. आणि ते ३ चे काँटॅक्ट २ च्या नंतर जुळतात, त्यामुळे कुणी हळूहळू जपून पिन सरकवली तर २ चे काँटॅक्ट आधी लागतात आणि डिस्क ४८० मेगाबिटवर जाऊन बसते, मग "कॉपी एवढी स्लो का" असा वेगळाच फोन येतो. ठामपणे खोचा एकदाच, नाजूकपणा नको.

ह्यावरून हे पण कळतं की दिवा लागणं हा पुरावा नाही. दिव्याला फक्त ५ व्होल्ट लागतात. फक्त चार्जिंगसाठी बनवलेली केबल असली, आत डेटाच्या ताराच नसलेली, तरी दिवा लागतो चकती फिरते आणि लॉगमधे अशीच शांतता असते. त्यामुळे लॉग गप्प असला की केबलवर संशय घेणं बरोबरच आहे, मित्राने केबल बदलली ते योग्यच केलं. पण त्याच केबलने त्याच पोर्टला रीबूटनंतर डिस्क दिसत होती, म्हणजे तार ठीक आहे, पोर्ट ठीक आहे.

मग राहिला कंट्रोलर. हल्लीच्या मशीनमधे तो एक्सएचसीआय असतो, पीसीआयवर, म्हणजे मशीनचे तुकडे जोडणाऱ्या आतल्या वाटेवर, बसलेला, इंटेलच्या मशीनवर बहुतेक ००:१४.० ह्या पत्त्यावर. पोर्टवर बदल झाला की तो इंटरप्ट देतो, कर्नल पोर्टचं स्टेटस वाचतो, "कनेक्शन बदललं" हा बिट दिसला की पुढची कामं सुरू. आता हा कंट्रोलर झोपलेला असला तर? लिनक्समधे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट म्हणून प्रकार आहे, मशीन चालू असतानाच ज्या ज्या तुकड्याला काम नाही त्याला झोपवायचं. यूएसबी डिव्हाइसला परवानगी असली तर २ सेकंद रिकामं राहिलं की ते झोपतं, खालचे सगळे झोपले की रूट हब (कंट्रोलरचाच पोर्ट सांभाळणारा भाग) झोपतो, रूट हब झोपले की कंट्रोलर डी३ नावाच्या अवस्थेत जातो. पोरगं जागं असेल तर आईबापाला झोपता येत नाही, हा इथला नियम.

सिसएफएसमधे, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो त्या जागी, त्या कंट्रोलरच्या फोल्डरात पॉवर नावाचं फोल्डर असतं, त्यात रनटाइम-स्टेटस ही फाइल. ती वाचली. सस्पेंडेड, म्हणजे झोपलेला. बाजूच्या कंट्रोल फाइलमधे ऑटो, म्हणजे रिकामा असला की झोपू दे. ह्या फाइली वाचल्याने कुणी जागं होत नाही, त्यामुळे हा पुरावा साफ आहे. मित्राला म्हटलं डिस्क लावलेलीच राहू दे, हात लावू नको, आणि इकडून त्या कंट्रोल फाइलमधे ऑन, म्हणजे झोपू नको, असं लिहिलं. एंटर दाबल्या दाबल्या पलीकडच्या खिडकीत डीमेसेज धडाधड ओळी टाकायला लागला, न्यू सुपरस्पीड डिव्हाइस, मास स्टोरेज, स्कझी होस्ट, पार्टिशन, सगळी वरात. आणि फोनवर, "आली आली आली! काय केलंस?"

झोपलेल्या कंट्रोलरने पोर्टवर कुणी आलं तर स्वतः उठायचं असतं, ती सोय आहे. डी३ मधे असतानाही तो पोर्टवर नजर ठेवून असतो आणि बदल झाला की पीएमई नावाचा सिग्नल पाठवतो, पॉवर मॅनेजमेंट इव्हेंट, तो बायोसने (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) सांगितलेल्या वाटेने कर्नलपर्यंत यायचा आणि मग कर्नलने कंट्रोलरला पूर्ण जागं करायचं. ह्या मिनी पीसीत ती वाट कुठेतरी तुटलेली. सोसायटीच्या वॉचमनला झोपायची परवानगी दिली कारण गेटवर बेल आहे, आणि बेलची वायर जोडलेलीच नाही, असा सगळा कारभार. पोर्टला ५ व्होल्ट मात्र चालूच होते म्हणून दिवा लागत होता, चकती फिरत होती, डिस्क बिचारी दारात उभी.

आता माउस. माउस लावलेला असला की तो जागा, तो जागा म्हणून रूट हब जागा, म्हणून कंट्रोलर जागा, म्हणून नवीन डिस्क लगेच कळते. आणि माउस का झोपत नाही, तर वीज वाचवणारी बरीच टूल्स कीबोर्ड-माउसला मुद्दाम सोडून देतात, नाहीतर माउस हलवल्यावर पहिला क्षण गायब होतो आणि लोक वैतागतात. मित्राला नंतर विचारलं, एक डिस्क लावलेली असताना दुसरी लावली तर? म्हणाला हो की, दुसरी लगेच येते, ते लक्षातच नाही आलं. तेच कारण.

आणि मी लॉगिन झालो की डिस्क का यायची? कारण मला सवय आहे, लॉगिन झालो की पहिल्यांदा एलएसयूएसबी (यूएसबी डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) चालवायचं, ते पण तपशीलवाल्या पर्यायासकट. तपशील काढायला ते प्रत्येक यूएसबी डिव्हाइसची फाइल उघडतं, त्यात रूट हबची पण उघडतं, आणि फाइल उघडली की कर्नल त्या हबला जागं करतो, हबला जागं करायचं म्हणजे कंट्रोलरला जागं करायचं, कंट्रोलर जागा झाला की पोर्टचं स्टेटस वाचतो आणि अरे इथे तर डिस्क आहे. म्हणजे मी ती आहे का बघायला गेलो की ती असायची. ह्या प्रकाराने लोकांना फार छळलंय, कारण डिबगिंगचं टूलच बग घालवतं आणि माणूस म्हणतो माझ्याकडे तर चालतंय. एलएसपीसीआय (पीसीआयसाठीची तशीच कमांड) पण अशी गंमत करू शकतं, कंट्रोलर पूर्ण वीज काढलेल्या डी३-कोल्डमधे असला तर त्याची कॉन्फिग वाचायला कर्नलला त्याला उठवावंच लागतं. त्यामुळे असा संशय असेल तर आधी फक्त डीमेसेज आणि रनटाइम-स्टेटस बघा, बाकी काही चालवू नका.

वीज वाचवायचं कुणी लावलं होतं? मित्राच्या भाच्याने. हेतू चांगलाच होता, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त टिकावा म्हणून त्याने बूटच्या वेळी चालणारी एक सर्व्हिस टाकली होती जी दिसेल त्या पीसीआय डिव्हाइसच्या कंट्रोल फाइलमधे ऑटो लिहीत सुटते. कर्नल स्वतः बऱ्याच जुन्या कंट्रोलरना असं झोपवत नाही, डीफॉल्ट ऑनच ठेवतो, आणि त्यामागे हीच भीती आहे की बायोस कसे लिहिलेत काय माहीत. उपाय छोटा, यूडेव्हचा एक नियम, पीसीआय सबसिस्टिममधे ज्या डिव्हाइसचा क्लास ०सी०३३० आहे, म्हणजे एक्सएचसीआय, ते आलं की कंट्रोलमधे ऑन लिही. पण फक्त तेवढं करून चालत नाही, कारण ती सर्व्हिस नंतर येऊन परत ऑटो लिहिते, तिच्या कॉन्फिगमधे पण ह्या कंट्रोलरला वगळावं लागतं. बाकीचं सगळं झोपू दे, नेटवर्क, साउंड, जे काय असेल ते. आणि नियम टाकल्यावर रीबूट करून पाच मिनिटांनी रनटाइम-स्टेटस परत वाचायचं, ॲक्टिव्ह दिसलं की मगच फोन ठेवायचा. यूएसबीकोअरला ऑटोसस्पेंड मायनस १ हा बूट पॅरामीटर देऊन पण लोक काम भागवतात, डिव्हाइस आणि हब दोन्ही जागे राहिले की वरचा कंट्रोलर पण जागा, पण ती सर्व्हिस प्रत्येक डिव्हाइसवर वेगळं लिहीत असेल तर ते पॅरामीटर बिनकामाचं.

हे झालं शांत लॉगचं. पण बहुतेक वेळा लॉग शांत नसतो, उलट बडबडत असतो, आणि तेव्हा रस्ता वेगळा.

डिस्क लागल्याचं कळल्यावर कर्नल लगेच विश्वास ठेवत नाही. पिन आत जाताना काँटॅक्ट थरथरतात, लागले-सुटले-लागले, म्हणून तो दर २५ मिलिसेकंदाला बघतो आणि सलग १०० मिलिसेकंद काही बदललं नाही तरच पुढे जातो, २ सेकंदात स्थिर झालं नाही तर नाद सोडतो. यूएसबी ए पिनमधे बाहेरच्या दोन पट्ट्या, वीज आणि ग्राउंड, मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात ते पण ह्यासाठीच, आधी वीज मिळावी मग डेटा. ढिला झालेला पोर्ट इथे मार खातो. मग रीसेट, मग डिस्क्रिप्टर वाचणं, पत्ता देणं. इथे जी ओळ सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलीय ती येते, "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१". हा ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर, तारेवर आलेले बिटच धड नाहीत. -११० आला तर टाइमआउट, पलीकडून उत्तरच नाही. -३२ म्हणजे डिव्हाइसने हात वर केले, स्टॉल. ७१ दिसला की मी केबल, एक्स्टेन्शन, कॅबिनेटचा पुढचा पोर्ट ह्यांच्यावर जातो, कारण पुढच्या पोर्टला आतून जी वायर आलेली असते ती कसली असेल देव जाणे. ११० दिसला की वीज. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देणार, ३ चा ९००, आणि अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना जोर लावते, तेव्हा व्होल्टेज पडलं की डिस्कमधली चिपच रीस्टार्ट होते, मग लॉगमधे लागली-सुटली-लागली-सुटली अशी माळ आणि डिस्कमधून टक टक आवाज. रास्पबेरी पाय ४ वर तर चारही पोर्ट मिळून १.२ ॲम्पिअरच आहेत, दोन डिस्क लावून घरचा सर्व्हर करणाऱ्यांनी हे आधी बघावं, आणि लॉगमधे अंडरव्होल्टेजची ओळ असेल तर बाकी काही शोधूच नये, आधी अडॅप्टर किंवा वीज वेगळी घेणारा हब. हा नियम पक्का नाही, ७१ पण विजेमुळे येऊ शकतो, पण सुरुवात कुठून करायची एवढं कळतं.

डिव्हाइस कळलं, पत्ता मिळाला, पण डिस्क नाही, म्हणजे ड्रायव्हर चिकटला नाही. डिस्क आपला क्लास सांगते, ०८ म्हणजे मास स्टोरेज, सबक्लास ०६ स्कझी, प्रोटोकॉल ५० असला तर जुनी बल्क-ओन्ली पद्धत आणि ६२ असला तर यूएएस ही नवी पद्धत. कर्नल ह्याची मोडअलायस नावाची ओळ बनवून बाहेर फेकतो, यूडेव्ह त्यावरून मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, लोड करतो. इथे दोन प्रकार मी परत परत पाहिलेत. एक, रोलिंग डिस्ट्रोवर (सतत अपडेट होत राहणारं लिनक्स) सकाळी अपडेट मारलं, नवीन कर्नल आला, जुन्याचं मॉड्यूल फोल्डर उडालं, पण चालू आहे तो जुनाच कर्नल. आता पेनड्राइव्ह लावला तर यूएसबी-स्टोरेजचं मॉड्यूल कुठून आणणार? डिस्कवरच नाही. यूनेम ह्या कमांडला आर देऊन चालू कर्नलचा जो नंबर येतो त्या नावाचं फोल्डर मॉड्यूल्समधे आहे का एवढं बघायचं, नसेल तर रीबूट, डोकं लावू नका. दोन, ऑफिसचा लॅपटॉप. सिक्युरिटीवाल्यांनी मॉड्यूल लोड करणाऱ्या मोडप्रोबच्या कॉन्फिगमधे यूएसबी-स्टोरेजच्या जागी ट्रू ही कमांड चालवायची ओळ टाकलेली असते, म्हणजे लोड करायला सांगितलं की "हो केलं" म्हणतं आणि करत काहीच नाही. एरर पण नाही. असं असेल तर ते बिघडलेलं नाहीये, ते तसंच चालायला हवंय, आयटीला मेल टाका.

यूएएस हे प्रकरण मात्र खरंच त्रासदायक. वेगवान आहे, एका वेळी अनेक कमांड रांगेत घेतं, पण स्वस्त एन्क्लोजरमधल्या (डिस्कच्या बाहेरची डबी) काही ब्रिज चिप्सचं फर्मवेअर त्यात अडखळतं, डिस्क दिसते, मग कॉपी सुरू केली की रीसेट, रीसेट, गायब. लोक ह्याला हॉटप्लगचा प्रॉब्लेम समजतात कारण डिस्क "सारखी जाते येते". यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्स पॅरामीटरमधे डिस्कचा व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि यू हे अक्षर दिलं की कर्नल यूएएस सोडून जुन्या पद्धतीने बोलतो. स्पीड थोडा जातो. रात्रीच्या कॉपीसाठी मला तो सौदा मान्य आहे.

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं, फक्त घाई असते. यूएसबी-स्टोरेज मुद्दाम १ सेकंद थांबून मग डिस्कशी बोलायला जातं, आणि झोपलेली मोठी डिस्क असेल तर "स्पिनिंग अप डिस्क" अशी ओळ येऊन एकेक टिंब पडत राहतं. तेवढ्यात लोक पिन उपटून परत लावतात.

आता वरचा मजला. कर्नलला डिस्क मिळाली, तिला एसडीबी असं नाव पण आलं, पण फाइल मॅनेजर गप्प. यूडेव्ह-अ‍ॅडमचा मॉनिटर लावायचा, तो प्रत्येक घटना दोनदा दाखवतो, एकदा कर्नलने बाहेर टाकली तेव्हा आणि एकदा यूडेव्हने नियम लावून पुढे पाठवली तेव्हा. कर्नलची ओळ आली आणि यूडेव्हची आलीच नाही तर कुठलातरी नियम अडकलाय, बहुतेक कुणीतरी नियमातूनच लांबलचक स्क्रिप्ट चालवायला घेतलेली असते आणि यूडेव्ह ती संपायची वाट बघून शेवटी मारून टाकतो. नियमातून फक्त सिस्टिमडीची (मागे चालणारी कामं सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस सुरू करा, कॉपी तिला करू दे. पूर्वी ह्याहून वाईट होतं, कर्नल प्रत्येक घटनेला हॉटप्लग नावाचा एक प्रोग्रॅम वेगळा सुरू करायचा, दहा घटना दहा प्रोसेस, आणि "गेली" आधी आणि "आली" नंतर असं पण पोचायचं, म्हणून घटनांना अनुक्रमांक द्यायची वेळ आली. २००३ मधे यूडेव्ह आलं, आता सगळं नेटलिंक सॉकेटवरून एका रांगेत येतं, २०१२ पासून ते सिस्टिमडीचाच भाग आहे.

कार्ड रीडरची गोष्ट वेगळी आहे आणि स्टुडिओवाल्यांना तीच जास्त लागते. रीडर यूएसबीला लावला तेव्हाच त्याची एसडीबी, एसडीसी वगैरे रिकाम्या डिस्क म्हणून नोंद होऊन जाते. नंतर त्यात कार्ड घातलं तर यूएसबीच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही, कुणी आलं नाही कुणी गेलं नाही. मग कळतं कसं? विचारून. कर्नल थोड्या थोड्या वेळाने रीडरला विचारतो, आलं का काही, आलं का काही. पूर्वी हे काम हॅल नावाचा डीमन करायचा, २.६.३८ पासून कर्नल स्वतः करतो, आणि किती वेळाने विचारायचं ते ब्लॉक मॉड्यूलच्या एका पॅरामीटरमधे असतं, कर्नलचा डीफॉल्ट ० म्हणजे विचारूच नको, यूडेव्हचा नियम तिथे २००० लिहितो म्हणजे दर २ सेकंदाला. कुणी वीज वाचवायच्या नादात किंवा सिस्टिम बारीक करताना तो नियम उडवला की कार्ड घालून बसा वाट बघत. मॉनिटरमधे पण कार्डासाठी डिस्कची "ॲड" येत नाही, "चेंज" येते, मीडिया बदलल्याच्या खुणेसकट, आणि पार्टिशनची तेवढी ॲड. फक्त डिस्कच्या ॲडवर लिहिलेली स्क्रिप्ट म्हणूनच पेनड्राइव्हला चालते आणि कार्डाला नाही.

ई-साटाचे (यूएसबीऐवजी साटा केबलने डिस्क जोडणारे) जुने डॉक अजून कुणी वापरत असेल तर तिथेही हीच झोपेची भानगड आहे. साटाची लिंक झोपवायचं धोरण मिनिमम पॉवरवर टाकलं की हॉटप्लग बंद पडतं, कारण लिंक झोपली-उठली की जो सिग्नल येतो तोच डिस्क लावली-काढली की येतो, मग ड्रायव्हर तो सिग्नल ऐकायचंच बंद करतो. तिथे स्कझी होस्टच्या स्कॅन फाइलमधे तीन डॅश, मधे स्पेस सोडून, लिहिले की तो सगळं परत चाचपून बघतो. किंवा त्या एका पोर्टचं धोरण मॅक्स परफॉर्मन्सवर ठेवा, ते बरं.

सांगलीचा मिनी पीसी आता माउसशिवाय चालतोय. परवा मात्र परत फोन, "दिसंना बघ". लॉग बघितला तर ह्या वेळी कहाणी वेगळीच, डिस्क व्यवस्थित आली होती, कॉपी झाली होती, आणि भाच्याने कॉपी झाल्यावर डिस्क आपोआप बंद व्हावी म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी यूडिस्क्स ह्या डिस्क सांभाळणाऱ्या टूलची पॉवर-ऑफ कमांड जोडली होती. ती नुसतं अनमाउंट करत नाही, कॅश रिकामी करून, डिस्क थांबवून ते डिव्हाइस यूएसबीच्या यादीतूनच काढून टाकते, आणि मग पिन प्रत्यक्ष उपटून परत लावेपर्यंत पोर्टला तिच्याशी काही देणंघेणं राहत नाही. डिस्क काढून न्यायची असेल तर हेच बरोबर आहे. पण मित्राला तीच डिस्क न हलवता सकाळी परत वाचायची होती, त्यामुळे पॉवर-ऑफ काढून तिथे फक्त अनमाउंट ठेवलं, आणि ज्या रात्री डिस्क घरी न्यायची त्या रात्रीसाठी पॉवर-ऑफ त्याच्या फोनवरच्या एका बटणाला लावून दिलं.